डाव्या हाताची आखणी

माझ्या बापानं रोह्याजवळच्या वरसे गावी आईचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते. आई मला घेऊन हमरापूरला माहेरी आली. हाड वाकडं जुळलं. लग्नाआधी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करावी ती आईनंच, असं सगळे म्हणायचे. आता मामाच्या गणपतीच्या कारखान्यात तिच्या हाती पॉलिश पेपर आला.

"आखणीला हात ठरावा लागतो, ताई," मामा म्हणायचा. खोटं नव्हतं ते. आई मूर्ती घासायची आणि जेवणाच्या सुट्टीत फुटक्या मूर्तींवर डाव्या हातानं डोळे काढून पुसून टाकायची. वर्षानुवर्षं.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. निकाल लागला त्या आठवड्यात दुपारी कारखान्यात जेवणाऱ्या आईशेजारी बसून मोबाइलवर एक इंग्रजी सिनेमा लावला, हिंदीत डब केलेला. घोडे, बंदुका, ओसाड माळ. चार माणसं एका बाईला बेदम मारतात, तिचा बंदूक धरायचा उजवा हात दगडानं ठेचतात आणि मरायला टाकून जातात. मी घाईनं मोबाइल उचलला.

"बंद करू नको गो," आई म्हणाली. "बघू दे, पुढं काय करते ती."

बाई डाव्या हातानं नेम धरायला शिकत होती. एकही गोळी लागेना.

"अगो, कोपर टेकव ना!" आई मोबाइलवर खेकसली.

थोड्या वेळानं बाईनं खडकावर कोपर टेकवलं. गोळी बरोबर लागली.

"बघ, ऐकलान माझं!"

पुढं त्या चौघांचं जे व्हायचं ते झालं. रक्ताला मीच डोळे मिटले. आई म्हणाली, "बरं झालं," आणि उरलेली भाकरी संपवली.

मग उठून ती थेट मामासमोर गेली. "एक मूर्ती दे. आखणीला."

"बिघडली तर?"

"पांढरा रंग मार परत. मग जन्मभर घासायलाच बसव, बोलणार नाय."

कारखान्यातले हात थांबले. आईनं पाटावर विटा रचल्या, डावं कोपर टेकवलं, श्वास धरला. पहिला डोळा झाला. एक डोळा कोणीही काढील, जोडीला जोड दुसरा जमणं अवघड. तिनं तोही काढला, एका दमात.

मामानं मूर्ती उजेडाकडं फिरवली. बराच वेळ बघितली. मग आईच्या जागेवरचा पॉलिश पेपर उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "पुढची घे, ताई. घासायचं मी बघतो."

त्या वर्षी आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक गणपतीनं डोळे उघडले ते आईच्या डाव्या हातानं.