नानाचा गुडघा

ज्या माणसाला मी भर स्टेडियममध्ये लंगडा म्हणालो, तो आज गेला.

उरुग्वेचा होता. इटलीत फुटबॉल खेळायचा, एका अगदी छोट्या क्लबकडून. नाव सांगितलं तरी तुमच्यापैकी कुणाला कळणार नाही.

आमच्या घरात त्याचं नाव नाना. ऐन पंचविशीत टक्कल पडलेलं, आणि पळायचा पोक काढून. म्हणून बाबांनी ठेवलेलं.

नव्वदच्या दशकातलं अबुधाबी. बाबा एका कंपनीत साइट सुपरवायझर. रविवारी संध्याकाळी डिशवर इटलीची मॅच लागायची. कॉमेंट्री अरबीत, आम्हाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मग बाबा आवाज बंद करून स्वतःच मराठीत सुरू व्हायचे.

"नाना निघाले... अरे पास दे की मेल्या, कुणाची वाट बघतोयस!"

किचनमधून आई, "अहो, हळू! खालच्या मजल्यावरचे वर येतील आता."

दरवर्षी नानाचा क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जायच्या बेतात असायचा. आणि दरवर्षी शेवटच्या दोन-तीन मॅचेसमध्ये हा पठ्ठ्या कुठून तरी डोकं घालून गोल मारायचा. पाच वर्षं त्याने ते दुकान चालवलं.

मग एका मोठ्या क्लबने त्याला घ्यायचं ठरवलं. फक्त सही बाकी होती.

मेडिकलमध्ये नापास. उजवा गुडघा.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "मेडिकलमध्ये गेला बिचारा."

गल्फमध्ये राहिलेल्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. साइटवरच्या माणसाला कंपनीच्या मेडिकलमध्ये अनफिट लिहिलं, की व्हिसा कॅन्सल आणि महिन्याभरात चंबूगबाळं आवरून मुंबईची फ्लाइट.

त्यानंतर नाना उतरणीलाच लागला. सेकंड डिव्हिजन, मग त्याच्याही खाली. इंजेक्शन घेऊन खेळतो, असं पेपरात यायचं. डिशवर दिसेनासा झाला.

आणि मी बारावीत असताना एक दिवस बाबा दारातूनच ओरडले, "नाना आला! इथे, आपल्या अबुधाबीत!"

खरंच आला होता. इथल्या एका क्लबने त्याला एका सीझनसाठी आणलं होतं. करिअरच्या शेवटाला आलेले परदेशी प्लेअर तेव्हाही असे इकडे यायचे.

बाबांनी मॅचला ठेवणीतला शर्ट घातला.

काय सांगू, बघवत नव्हतं. त्याला पळताच येत नव्हतं. हेडरला उडी मारायचा, एकाच पायावर उतरायचा आणि तिथेच थांबायचा. बॉल गेलेला असायचा पुढे. पब्लिक हसायला लागलं. शेजारची पोरं "खलास, खलास" करत होती.

मी उभा राहिलो आणि सगळ्यांच्या वरताण ओरडलो, "ओए लंगडे, घर जा!"

पोरांनी टाळ्या दिल्या. मला भारी वाटलं. हो, खोटं कशाला बोलू.

बाबांनी माझं मनगट धरलं. "चल."

"बाबा, अजून हाफटाइमसुद्धा नाही झाला!"

"चल म्हणतोय ना."

गाडीत बसल्यावर त्यांनी एसी लावला. मग उजव्या पायाची पँट गुडघ्याच्या वर ओढली. आत क्रेप बँडेज. ते उलगडलं, तर गुडघा नारळाएवढा सुजलेला.

"गेल्या वर्षी साइटवर घसरलो. मेडिकलच्या दिवशी इंजेक्शन घेऊन गेलो, पास झालो. तो उडी मारून उतरतो कसा, बघितलंस? सगळा भार डाव्यावर. मी जिना तसाच उतरतो."

त्यांनी बँडेज पुन्हा गुंडाळलं.

"तुझी बारावी होऊ दे, मग बघू ऑपरेशनचं. आणि आईला सांगू नकोस."

सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "पुन्हा कुणाला असं ओरडायचं नाही. त्याचाही व्हिसाच आहे रे."

मी आईला सांगितलं नाही.

नानाला सीझन संपायच्या आतच परत पाठवलं. पेपरात दोन ओळी आल्या. बाबांना लाडूंचा डबा घेऊन एअरपोर्टवर जायचं होतं. आपल्यातलं कुणी कायमचं निघालं की आपण जातोच ना, तसं. मी म्हटलं, "बाबा, वेड लागलंय का? फ्लाइट तरी माहितीय का कुठली?"

डबा आम्हीच संपवला.

माझी परीक्षा सुरू झाली. फिजिक्सचा पेपर झाला होता, केमिस्ट्रीचा राहिला होता. बाबा साइटवर तिसऱ्या मजल्यावरून लोखंडी जिन्याने खाली येत होते.

गुडघ्याने दगा दिला. हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

पाय घसरला, असंच सगळे म्हणाले. मी तेव्हाही गप्प बसलो.

आज सकाळी फोनवर नानाची बातमी वाचली. साठीसुद्धा गाठली नाही. शेवटची काही वर्षं व्हीलचेअरवर होता म्हणे.

आई आता माझ्याकडेच असते, इथेच अबुधाबीबाहेरच्या मोहम्मद बिन झायद सिटीत. बाल्कनीत चहा घेत होती. तिच्यासमोर बसलो आणि वीसेक वर्षं पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. स्टेडियम, बँडेज, इंजेक्शन. ती आता माझ्यावर चिडेल, रडेल, असं धरूनच चाललो होतो.

आईने कप खाली ठेवला.

"मला माहीत होतं रे. त्यांच्या पँटी कोण धूत होतं? मलमाचा वास यायचा. बिल्डिंगचा जिना उतरताना कठड्याला लोंबकळायचे, ते मला दिसत नव्हतं होय?"

"मग बोलली का नाहीस त्यांना?"

"तुझी बारावी होती."

चहा गार झाला.

नाना, त्या दिवशी तुझा पाय दुखत होता आणि मी ओरडलो. मला माफ कर. तूही कुणाच्या तरी बारावीसाठीच खेळत असशील.

आज लाडू करायला सांगितलेत आईला.

तुला आणि बाबांना, आम्हा दोघांचा शेवटचा नमस्कार.