प्रोग्राम वाढवला का?

बडोद्याच्या मराठी माणसाला दोन गोष्टींचा गर्व असतो. एक, आपल्या पूर्वजांनी राज्याची चाकरी केली. दोन, आपण अजून शुद्ध मराठी बोलतो. पहिली गोष्ट कोणी तपासायला जात नाही. दुसरी लगेच तपासता येते, कारण हाच माणूस पाच मिनिटं शुद्ध मराठी बोलून उठताना ‘चालो, आवजो’ म्हणतो. आमचं घर नागरवाड्यात. आजोबा राज्याच्या दप्तरात होते, वडील शाळेत मराठी शिकवायचे, आणि जेवताना कोणी ‘मीठ आपो’ म्हटलं तर त्याला मीठ मिळत नसे. अशा घरात वाढलेल्या मुलीचं डोकं जरा जास्तच वर असतं. माझं होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी रावपुऱ्यातल्या एका पेढीत प्रोग्रामर म्हणून लागले. पंपांच्या सुट्या भागांचा घाऊक धंदा होता. समोरच्या पेढीने कॉम्प्युटर घेतले म्हणून आमच्या शेठनीही घेतले, त्यांचं काय करायचं ते मी ठरवायचं होतं. वरच्या मजल्यावर ऑफिस, खाली चौक, चौकापलीकडे गोदाम. वर तीन ऑपरेटर मुली, गोदामात एक, आणि प्रोग्रामिंगचं अख्खं खातं म्हणजे मी.

सर्व्हरवरची एक जागा सगळ्यांच्या मशीनवर ‘एफ ड्राइव्ह’ म्हणून दिसायची. माल आत-बाहेर टिपण्याचा माझा प्रोग्राम तिथे ठेवलेला होता आणि मुली तो तिथूनच चालवायच्या. मी रोज त्यात सुधारणा करायचे, म्हणजे आदल्या दिवशीच्या माझ्या चुका काढायचे, आणि कम्पायलरला, म्हणजे लिहिलेल्या ओळींचा चालता प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगायचे की तयार झालेला नवा प्रोग्राम सरळ एफ ड्राइव्हवर, जुन्याच्या जागी लिही. अट एकच होती. त्या वेळी तो प्रोग्राम कुणाकडेही चालू असता कामा नये. एकीच्या पडद्यावर जरी उघडा राहिला तरी फाइल अडकते आणि कम्पायलर लिहायला नकार देतो. संध्याकाळी सहाला शेठ स्वतःच्या हाताने मेन स्विच पाडायचे, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तासच काय तो माझा. म्हणून मी नियम केला की दुपारी एक वाजता सगळ्यांनी प्रोग्राम बंद करायचा.

हा नियम मी पहिल्या दिवशी, सर्व्हरला हार घातलेला असताना, मोठ्या आवाजात जाहीर केला. शेठच्या हातात नारळ होता, तो तसाच राहिला.

“बेन,” ते म्हणाले, “धंधामां ‘बंध’ ना बोलाय. ने ते पण पहेले ज दिवसे?”

झालं, माझ्यातल्या मास्तरांच्या मुलीला जोर चढला. मी म्हटलं, आमच्या मराठीत यावर फार सुंदर शब्द आहे. आम्ही दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतो. तेव्हा आपण प्रोग्रामही वाढवू. शेठ खूश झाले. वरच्या तिघी गुजराती मुलींनी ‘एटले शुं?’ असं विचारलं, तेव्हा त्यांना मी अर्थ नीट समजावून सांगितला, बटणसुद्धा दाखवलं. मग शेठनी नारळ वाढवला आणि आम्ही खोबरं खाल्लं.

गोदामाचं मशीन अजून जोडायचं होतं. ते काम काकांचं. काका म्हणजे पन्नाशीकडे झुकलेले, आमच्यासारखेच बडोद्याचे मराठी, पण त्यांचे पूर्वज राज्याच्या पलटणीतले. दप्तरातल्यांची नातवंडं पलटणीतल्यांच्या नातवंडांशी फार गोड बोलतात, आणि त्या गोडव्यात काय असतं ते दोघांनाही ठाऊक असतं. काका टेलिफोनच्या तारा ओढता ओढता कॉम्प्युटरच्या केबलपर्यंत आले होते. बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती. मला ते ऐकवत नसे. पण हात सुरेख होता. टोकाला कनेक्टर बसवला की ते त्यावरून अंगठा फिरवायचे आणि मगच पुढे जायचे. इतकी वर्षं त्यांना कामापुरतं बोलावणं यायचं. शेठनी या वेळी शब्द दिला होता की ही जोडणी सुरळीत चालली तर तुम्हाला कायम करीन. काकांनी हे मला दोनदा सांगितलं होतं, आणि दुसऱ्यांदा सांगताना आपण आधी सांगितलंय हे त्यांना आठवत नव्हतं.

बुधवारी त्यांनी चौकावरून केबल नेली आणि गोदामाचं मशीन जोडलं. तिथली ऑपरेटर रावपुऱ्यातलीच मराठी मुलगी होती. मी इंटरकॉमवर तिला नियम सांगितला, “रोज एक वाजता प्रोग्राम वाढवायचा.” ती म्हणाली, “हो ताई.” मराठी मुलीला मराठी काय समजवायचं?

गुरुवारी एक वाजता मी वर ओरडून विचारलं, “वाढवला का?” तिघी म्हणाल्या, वाढवला. गोदामात फोन केला. “वाढवला, ताई.” मी कम्पायलर चालवला. त्याने शंभर ओळी गुणगुणल्या आणि शेवटी तांबड्या अक्षरांत सांगितलं की आउटपुट फाइल लिहिता येत नाही. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. माझ्या स्वतःच्या मशीनवर लिही म्हटलं तर बिनबोभाट लिहून मोकळा. तिथून एफ ड्राइव्हवर कॉपी करायला गेले तर परवानगी नाही.

आज कोणीही सांगेल की बाई, फाइल कुणाकडे उघडी आहे ते सर्व्हरवर बघ. मला ते बघता येत नव्हतं, आणि येत नाही असं म्हणायची माझी छाती नव्हती. मी फाइलवर लिहिण्याचे हक्क तपासले, डिस्कवरची जागा तपासली, माझं मशीन बंद करून चालू केलं. शुक्रवारीही तेच. मग मी हिशेब मांडला. बुधवारपर्यंत सगळं चालत होतं. बुधवारी काकांनी केबल ओढली. गुरुवारपासून चालत नाही. म्हणजे केबल.

शनिवारी काकांनी सगळे कनेक्टर कापून नवे बसवले. त्या दिवशी गोदामातली मुलगी कुणाच्या तरी साखरपुड्याला पादऱ्याला गेली होती, तिचं मशीन बंदच होतं. एक वाजता कम्पायलर एका दमात पार झाला. काकांनी खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला. सोमवारी मुलगी परत आली आणि तांबडी अक्षरंही परत आली. आता तर माझी खात्रीच पटली. यांचं काम एक दिवससुद्धा टिकत नाही.

काका माझ्या टेबलाशी आले. “ताई, केबल खराब असती, तर मुलींचं काम कसं चालते? सगळं दिसते ने बराबर?”

प्रश्न शंभर नंबरी होता. त्या ऑफिसात त्या आठवड्यात कुणी अकलेचं वाक्य बोललं असेल तर तेच. मी काय केलं? मी इंग्रजी काढली. वाचताना कमी ताण पडतो, लिहिताना जास्त, पॅकेट अशी गळतात आणि तशी गळतात, असलं काहीतरी पाच मिनिटं ठोकून दिलं. त्यातलं एक अक्षर मला स्वतःला कळत नव्हतं. काका मान हलवत ऐकत राहिले, कारण पदवी माझ्याकडे होती.

तेवढ्यात शेठ आले. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, शेनी भूल छे? मी म्हटलं, केबलची. शेठनी काकांकडे बघितलं. बुधवारपर्यंत सगळी केबल नवी ओढा, म्हणाले, आणि तरी नाही चाललं तर मग आवायची जरूर नथी.

काकांनी सोमवारची दुपार आणि अख्खा मंगळवार ऑफिसच्या खोट्या छताच्या वर काढला. मला खालून त्यांची सरपटण्याची खसखस ऐकू यायची. एकदा कुठेतरी गुडघा आपटला, तेव्हा ‘आई गं’ आलं, ते मात्र स्वच्छ मराठीत. जुनी केबल त्यांनी हात-हातभर तुकडे करून पोत्यात भरली. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मी आपली माझंच बरोबर आहे या समाधानात होते.

बुधवारी पाऊण वाजता काका म्हणाले, तुम्ही गोदामातल्या मशीनशी उभ्या राहा, मी इथे बघतो. म्हणून पहिल्यांदाच मी एक वाजता गोदामात गेले. मुलीच्या पडद्यावर माझा प्रोग्राम कोपऱ्यात, हाताच्या पंजाएवढ्या खिडकीत चालला होता. तो तसा का ते लगेच कळलं, त्याच्या मागे कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा डाव मांडलेला होता. एकचा ठोका पडला. मी सवयीने म्हटलं, “वाढवला का?”

“वाढवते, ताई,” ती म्हणाली. तिने वरच्या चौकोनाच्या बटणावर टिचकी मारली. माझा प्रोग्राम फुगला आणि पडदाभर पसरला. मग तिने खुर्ची मागे सारली आणि डबा उघडायला घेतला.

मी पडद्यावरच्या त्या चौकोनावर बोट ठेवलं.

“रोज असंच करतेस?”

“रोज. कधीतरी उलटा छोटा होते, मग परत दाबते. का? एवढा वाढवला तो कमी आहे?”

मी तिला सांगितलं की वाढवायचा म्हणजे बंद करायचा, दुकान वाढवतात, नारळ वाढवतात, तसा. “आमच्या घरी तर दुकान बंदच करतात,” ती म्हणाली. “आणि नाळियेर वधेरतात. मग बंद म्हणायचं ने, ताई! मला वाटलं, जेवणाच्या वेळी शेठ येऊन लांबून वाचत असतील.”

मी फुलीच्या बटणावर दाबलं आणि प्रोग्राम बंद केला. वर गेले, कम्पायलर चालवला. एका दमात पार. शेठनी काकांच्या पाठीवर थाप मारली, तिघी मुलींनी टाळ्या वाजवल्या, खालून पेढे आले. नवी केबल चालली! काका कायम झाले. त्यांनी पहिला पेढा मला दिला.

मी तो खाल्ला. त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी मनाशी म्हटलं, त्यांना नोकरी मिळाली, सगळं गोड झालं, आता कशाला उकरायचं? पण सांगितलं असतं तरी नोकरी मिळालीच असती, उलट मानाने मिळाली असती. माझ्या गप्प बसण्याने फक्त माझं नाक वाचलं. गोदामातल्या मुलीला मी म्हटलं, हे आपल्यातच ठेव. तिने ठेवलं. मीही पत्त्यांबद्दल काही बोलले नाही.

नंतर मला याची शिक्षा मिळाली, आणि ती रोज मिळाली. काकांनी ती फसलेली केबल स्वतःच्या डोक्यात पक्की बसवून घेतली. नवा माणूस आला की त्याला सांगायचे, “माझी पहिली केबल फेल गेली होती. कुठे चूक झाली ते अजून समजलं नाही.” एक टोक तीनदा तपासायचे. घरी जायला निघाले की जिन्यावरून परत येऊन पुन्हा एकदा हात लावून बघायचे. पूर्वी अंगठा एकदाच फिरवायचे. ऑफिसातली नवी मुलं त्यांची थट्टा करायची आणि तेही हसायचे. मी हसायचे नाही, आणि लोकांना वाटायचं की बाईंना विनोद कळत नाही.

दहा-बारा वर्षांनी ते निवृत्त झाले. मी तोवर दुसरीकडे नोकरी करत होते. त्यांनी फोन करून चहाला बोलावलं, तेव्हा मी ठरवूनच गेले. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं बसलो होतो, काकू आत पोहे करत होत्या. काका म्हणाले, “ताई, पहिल्याच कामात माझ्याकडून भूल झाली, तरी तुम्ही लोकांनी सांभाळून घेतलं. हे मी विसरलो नाही.”

मग मी सांगितलं. शब्द, चौकोनाचं बटण, इंग्रजीतली थापेबाजी, पेढा, सगळं. माफीही मागितली, आणि तीसुद्धा मास्तरांच्या मुलीला शोभेल अशी लांबलचक. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

“एटले, पहिली केबल बराबर होती?”

“होती, काका.”

“जी मी कापून पोत्यात भरली, ती?”

“हो. तिला काहीच झालं नव्हतं.”

ते उठले. माझ्याकडे न बघता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि चौकट धरून उभे राहिले.

“ऐकलंस का,” ते आत म्हणाले, “पहिली बराबर होती.”

“कोणती पहिली?” काकूंनी विचारलं.

“केबल गं, केबल,” ते म्हणाले, आणि चौकटीवरून अंगठा फिरवला, एकदाच.