आपलेच आहेत, सरका जरा

मोहने गावाची टीम आमच्या कोलशेतच्या मैदानात फुटबॉल खेळायला आली की त्यांचा एक पाठीराखा येतोच, आणि दोन टेम्पो भरून माणसं आणतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. डोक्याला ओला रुमाल, गळ्यात ताशा. पायऱ्यांवर आमची दहा-बारा टाळकी ऐसपैस बसलेली असतात. तो वर चढत प्रत्येकाला सांगतो, "आपलेच आहेत, सरका जरा." सरकत सरकत आम्ही कोपऱ्यातल्या नळापाशी पोचतो. वर मलाच म्हणतो, "बसा काका, लाजू नका, आपलंच ग्राउंड आहे." माझा नुसता जळफळाट होतो. मी दारोदार फिरून बोलावलं तरी आमच्या बिल्डिंगमधला एक माणूस येत नाही.

परवा आमच्या टीमने गोल मारला. आमचे बाकीचे चहाला गेलेले. मी एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होतो. तो मागे वळला, माझ्याकडे बघितलं आणि आपल्या माणसांवर ओरडला, "अरे वाजवा रे, काका एकटेच आहेत!"

ताशा कडाडला. आमच्या गोलला एवढ्या टाळ्या आजवर कधी पडल्या नव्हत्या.

मी वाजवायचा थांबलो आणि खाली बसलो.