रिकाम्या तळहातावरची तंबाखू

चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एक काका रोज माझ्या शेजारी बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. चिंचवड मागे पडलं की ते डावा तळहात उघडतात आणि उजव्या अंगठ्यानं तंबाखू मळायला लागतात. तळहातावर तंबाखू मात्र नसते. डॉक्टरांनी दम दिल्यावर ती त्यांनी सोडली. तरी अधूनमधून चुना जास्त झाल्यासारखं तोंड करतात आणि शेवटी थापा मारून भुकटी उडवतात. पुढच्या सीटवरचा माणूस हटकून शिंकतो.

एकदा मी विचारलंच, "काका, हातात काही नसताना मळता कशाला?"

"तंबाखू सुटली राव, मळणं सुटत न्हाई," ते म्हणाले. "खरी मजा मळतानाच यायची. तोंडात टाकली की मग नुसतं थुंकायचं काम."

परवा कुरुळीजवळ बस ट्रॅफिकमध्ये अडकली. काकांनी मन लावून मळलं आणि जुन्या सवयीनं हात माझ्यापुढे केला. जन्मात मी तंबाखूला शिवलो नव्हतो, तरी त्यातली चिमूट उचलून ओठाखाली ठेवली.

काका काळजीनं म्हणाले, "पहिल्यांदाच हाय न्हवं? गिळू नका."

तोंड भरलेलं असल्यामुळे मी नुसती मान डोलावली.