थोरले चौदा, बाप एकही नाही

लग्नाचं शूटिंग केलं की दोनच किस्से हाताला लागतात. एक रुसलेल्या मावशीचा आणि एक संपलेल्या जिलेबीचा. बारामतीत वीस वर्षं लग्नं शूट करतोय, यापेक्षा वेगळं काही घडत नाही. पण पिक्चर काढायचा म्हटला की गोष्टच वेगळी. आमच्या पिक्चरचा एक शॉट घ्यायच्या आधीच एवढे किस्से साठले की बायको म्हणाली, "पिक्चर ऱ्हाऊ द्या, हेच शूट करा!"

हा पिक्चर शांतवन सरांचा. सर इंदापूरकडच्या शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांना येशूनं सांगितलेली एक गोष्ट पडद्यावर आणायची होती. एका बापाला दोन मुलं. धाकटा म्हणतो, माझा वाटा आत्ताच द्या. तो घेऊन दूर जातो, सगळा उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, आणि शेवटी घरी परत येतो. बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. थोरला मात्र रुसून दाराबाहेर उभा राहतो. सरांनी ही गोष्ट उचलून नीरेकाठच्या उसात आणून ठेवली होती.

त्यांची अट एकच. बाप-लेकाची भेट उभ्या उसात झाली पाहिजे. आता ऊस काही आपल्यासाठी थांबत नाही, कारखान्याची ऊसतोड टोळी आली की गेला. त्याच्या आत पैसा आणि माणसं जमवायची. असे चार हंगाम सरांच्या हातून गेले होते. पाचव्याला ते मला म्हणाले, "राजू, यंदा झालं तर झालं. पुढच्या वर्षी मी कुणाच्या दारात जाणार नाही. ताकद नाही राहिली."

मी ख्रिस्ती नाही. पण सरांनी असं म्हटल्यावर कॅमेरा घेऊन निघालो.

*

पहिल्यांदा गेलो ते बोअर मारायच्या गाड्या असलेल्या एका शेठकडे. सरांनी सगळी गोष्ट सांगितली. शेठनी चहा गार होईपर्यंत ऐकली.

"झकास! हिरो कोण? धाकटा का थोरला?"

"बाप," सर म्हणाले.

शेठनी डोळे मिटून विचार केला. "मग बापाचं वय कमी करा."

"किती?"

"अठ्ठावीसपर्यंत आणा. आन एक गाणं टाका."

"मग मुलं केवढी दाखवायची?"

"मुलं कॅन्सल करा!"

सरांच्या जागी मी असतो तर तिथंच काहीतरी बोललो असतो. सरांनी शांतपणे चहा संपवला, आभार मानले आणि जिना उतरायला लागले. खाली पोचलो तोच वरून हाक आली.

"ओ सर! पैसं न्हाय देत. पण शूटिंगला जनरेटर लागला तर माझा न्या. डिझेलसकट. बापाची गोष्ट हाय म्हणून!"

*

पैसे उभे केले ते एका कोंबडीनं.

सरांच्या चर्चच्या मंडळींचा कापणीचा सण असतो. शेतातलं पहिलं पीक, अंडी, कोंबड्या, जे असेल ते लोक चर्चमध्ये आणून वाहतात आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. यंदाचा लिलाव पिक्चरसाठी करायचा असं ठरलं. लिलाव पुकारायला रूथ सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर आहेत, पण आवाज अजून वॉर्डभर पुरेल असा.

एक गावरान कोंबडी पाचशेला गेली. घेणाऱ्यानं पैसे दिले आणि म्हणाला, "कोंबडी परत देवाला." पुन्हा लिलाव! दुसऱ्यानं सातशेला घेतली. "परत देवाला." अशी ती कोंबडी अकरा वेळा विकली गेली. मोलमजुरी करणाऱ्या बायकांनी चौघींत मिळून एकदा घेतली आणि परत दिली. मला राहवेना. बाराव्या वेळी मीही ओरडलो, "हजार!"

माझ्या बोलीवर कुणीच चढेना. एकवार, दोनवार, तीनवार. मी छाती काढून "परत देवाला" म्हणणार, तोच रूथ सिस्टरांनी कोंबडी माझ्या काखेत कोंबली.

"पाहुण्याकडनं परत घेत न्हाईत. घरी ने, रस्सा कर!"

बायकोनं ती कापली नाही. म्हणाली, एवढी महागाची कोंबडी खायची आपली ऐपत नाही. ती अजून आमच्या परसात फिरते.

*

मग स्क्रिप्टचं वाचन ठेवलं, चर्चच्या ओट्यावर. एक रिटायर्ड तलाठी अण्णा मुद्दाम आले होते. सर "बाबा, माझा वाटा मला द्या" इथवर आले आणि अण्णांनी हात वर केला.

"थांबा! जमीन वडिलार्जित का स्वकष्टार्जित?"

सर म्हणाले, "येशूनं ते सांगितलेलं नाही."

"तितंच घोळ हाय! वडिलार्जित आसंल तर पोराचा हक्कच हाय. स्वकष्टाची आसंल तर बापानं मर्जीनं दिली. सगळा पिच्चरच बदलतो की!"

चर्चचे पाळकसाहेब हे कान देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तीस वर्षं मी या गोष्टीवर प्रवचन करतोय. हा मुद्दा मला कधी सुचला नाही."

पुढं अर्धा तास सगळे वाटणीवरच बोलत होते. मोजणी झाली, बांध पडला, विहिरीचं पाणी कुणाला इथपर्यंत गाडी गेली. तेवढ्यात मागून रूथ सिस्टरांचा आवाज आला.

"आन पोरी? ह्या घरात पोरीच न्हाईत का?"

सरांनी पेन काढलं. पुढच्या वाचनाला घरात एक बहीण आली होती. तिला सगळ्या पिक्चरमध्ये एकच वाक्य आहे: "वाटा पायजे का नको ते मागनं सांगते, आधी मला इचारा तरी!" वाचताना या वाक्याला सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

*

ऑडिशनला सोळा जण आले. त्यातल्या चौदा जणांना थोरला भाऊ व्हायचं होतं!

सर चकित. "अरे, धाकट्याला रोल मोठा आहे. गाव बघायला मिळतं, मजा आहे, रडणं आहे."

"न्हाय सर. थोरल्याचंच बरोबर हाय."

त्यात अंकुश म्हणून एक दुधाची गाडी चालवणारा होता. त्याला कागद दिला. दोन ओळी वाचून त्यानं कागद खाली ठेवला आणि स्वतःचंच बोलायला लागला. "दहा वर्सं झाली, रातचं पाणी मी धरतोय. थंडीत मी, पावसात मी. त्यो दिवाळीला येतो, आन आई त्याच्या ताटात तूप जास्त वाढती. मला तूप नगं. पर एकदा म्हण की, अंकुश, दमलास."

माझा तर फोकसच गेला, डोळ्यात पाणी आल्यामुळं. सर उठले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अंकुश, दमलास." रोल त्याला मिळाला हे वेगळं सांगायला नको.

दारापर्यंत जाऊन तो परत आला. "सर, हा पिच्चर पुण्यात लागंल न्हवं? आमचा धाकटा पुण्यात असतो."

*

धाकटा झाला जोएल. मोबाईलच्या दुकानात काम करणारा, बुलेटवर फिरणारा, गॉगल कपाळावर चढवलेला. पोरगं गुणी, पण आम्हाला त्याच्यासोबत डुकरंही पाहिजे होती.

डुकरांचा मालक मिळाला, भला माणूस. पण डुकरं जोएलजवळ जाईनात. पाला टाकला, भाकरी टाकली, तरी लांबच. मालकानं जोएलचा एकदा वास घेतला आणि निदान केलं.

"सर, सेंटाची भानगड हाय. ह्या पोराला आठ दिस आंघूळ नगा घालू."

जोएलनं खरंच आठ दिवस पाणी लावलं नाही! पाचव्या दिवशी दुकानाच्या मालकानं त्याला रजेवर पाठवला, सहाव्या दिवशी आईनं पडवीत झोपायला लावलं. आठव्या दिवशी डुकरं त्याच्या अंगाला अंग घासून गेली. तो आनंदानं नाचायला लागला तशी पुन्हा पळाली.

*

आता तात्या. उभा ऊस दिला तो तात्यांनी. पासष्टीचे बागायतदार, धोतर, टोपी, बोलणं तोलून-मापून, दर पौर्णिमेला नरसिंहपूरला दर्शनाला जाणार म्हणजे जाणार. सरांनी त्यांच्या नातीला चित्रकला शिकवली, एवढीच ओळख. सर म्हणाले, दोन एकर उभा पाहिजे. तात्या म्हणाले, "बरं." सर गोष्ट सांगायला लागले तर त्यांनी थांबवलं. "सांगू नगा. पडद्यावर बघीन. आधी कळलं की मजा जाती."

आमच्या भागात ऊसतोड लवकर मिळावी म्हणून माणूस काय करत नाही? कारखान्याच्या डायरेक्टरांना फोन, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयला जेवण, टोळीच्या मुकादमाला मस्का. आणि कारखान्याचा चिटबॉय आपण होऊन तात्यांच्या दारात आला, "तात्या, उद्या तुमची तोड," तर तात्या म्हणाले, "माझी फुडं ढकल."

चिटबॉय घाबरला. "तात्या, तब्बेत बरी हाय न्हवं?"

असं दोनदा झालं. उसाला तुरा आला. तुरा आला की वजन घटतं हे शेंबडं पोरही सांगेल. शेजारी हसायला लागले. मला वाईट वाटलं, म्हणून विचारलं, "तात्या, एवढं नुकसान कशाला सोसता?"

"सर म्हणलं, उभा पायजे. मी व्हय म्हणलो. व्हय म्हणल्यावर मग काय ऱ्हातंय?"

असा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता, उगाच खोटं कशाला सांगू.

*

सगळं जमलं, पण बाप जमेना!

गावोगावच्या नाटकात राजाची कामं करणारे एक आले. मुलगा दिसताच त्यांनी असा हंबरडा फोडला की शेजारच्या रानातली माणसं "कोण गेलं?" विचारत आली. शाळेचे रिटायर्ड पी. टी. सर आले. धावले अप्रतिम, पण जोएलच्या पुढं निघून गेले. शेवटी पाळकसाहेबांनी स्वतः करून बघितलं. मिठी मारली, डोक्यावर हात ठेवला आणि सवयीनं म्हणाले, "आपण सर्व उभे राहू या."

*

तात्यांची तोड तिसऱ्यांदा पुढं जाणार नव्हती. कारखान्याचा हंगामच संपत आला होता. पुण्याचा एक नट येतो म्हणाला होता, ती शेवटची आशा. आम्ही सगळे तात्यांच्या रानात सकाळपासून तयार. अकरा वाजता त्याचा फोन आला, सीरियलचं काम लागलंय, जमणार नाही.

सर बांधावर मटकन बसले. पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थना करू या का?" सर म्हणाले, "मनातल्या मनात करा." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. पाच हंगाम एका माणसानं एका सीनसाठी घालवले होते, आणि ऊस वाऱ्यावर डोलत समोर उभा होता.

मी आपलं काहीतरी करायचं म्हणून म्हटलं, जोएलचं चालणं तरी बघून घेऊ. जोएल फाटक्या कपड्यात, माती फासून, अनवाणी, लांब बांधाच्या पलीकडच्या टोकाला गेला. भुकेला दिसावा म्हणून त्यानं दोन दिवस नुसतं पाणी पिऊन काढले होते. मी कॅमेरा चालू केला. तो चालायला लागला.

तेवढ्यात मागून तात्या आले, काठी टेकत.

"सर, टोळी आली. उद्या सकाळी कोयता लागतोय. आता माझ्या हातात काय..."

वाक्य तिथंच थांबलं. जोएलला त्यांनी आजवर बघितला होता तो गॉगल लावून बुलेटवर. ते कपाळावर हात धरून लांब बघायला लागले.

"कोन हाय त्यो?"

आम्ही काही सांगायच्या आत त्यांनी काठी टाकली. एका हातात धोतराचा सोगा धरला आणि बांधावरून पळत सुटले. "आरं थांब! तितंच थांब! पायात काय न्हाय तुझ्या, पाचटात फुरसं असत्यात!" टोपी पडली, तिच्याकडं बघितलंही नाही.

जोएल गोंधळला. पण पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं, ते तो म्हणायला लागला. "बाबा, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची आता माझी लायकी..."

"ते ऱ्हाऊ दे! आधी ही घाल."

तात्यांनी आपली पायताणं काढली आणि वाकून त्याच्या पायात सरकवली. उपरण्यानं त्याचं तोंड पुसलं. मग त्याला काखेत धरून, स्वतः अनवाणी, सगळ्या वाटेनं त्याला रागवत आमच्याकडं घेऊन यायला लागले.

पाळकसाहेबांनी डोळे उघडले होते. सर उभे राहिले होते. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "राजू, चालू होता?"

"चालूच आहे, सर."

तात्या जवळ आले ते सरांवरच उखडले.

"सर, तुमी शिकल्याली मानसं! पोरगं उनात चालतंय, दोन दिसाचं उपाशी दिसतंय, आन तुमी हितं सावलीत बसून बघताय व्हय? कुणाचं हाय, कुठनं आलंय, ते मागनं इचारा. आधी ह्याला जेवाया घाला!"