बाईसाहेबांच्या सभेत माझी लेक

बाईसाहेबांनी रुमालात धरून माझ्या लेकीचा हात वर उचलला आणि सोडून दिला. तो धपकन पडला. समोरच्या बायका म्हणाल्या, "अगंबाई!" बाईसाहेबांनी तो पुन्हा उचलला आणि पुन्हा सोडला.

धुळ्यातल्या ज्या कापूस पिंजायच्या जिनात मी सरकी उपसायची, त्या जिनाच्या मालक शेठची ही पुण्याला शिकलेली सून. महिला मंडळात तिचं भाषण होतं. मुकादम मला म्हणाला होता, "तुनी पोर लई शांत शे. तू चाल." नमुना म्हणून मला उभी केली होती, तीही चपला काढतात त्या कोपऱ्यात.

बाईसाहेब बोलत होत्या. जर्मनीत ओल्या बाळंतिणीला कामावर घेणं गुन्हा आहे. विलायतेतही तसा कायदा आहे. रशियात कारखान्यालगतच पाळणे टांगलेत. "आणि आपल्याकडे? आई स्वतःच्या हातानं लेकराला अफू चारते! इथे कायदा तरी काय करणार?" टाळ्या पडल्या.

त्यांना साता समुद्रापारचं दिसत होतं, सासऱ्याचं जिन तेवढं दिसत नव्हतं. त्या जिनात लेकरू रडलं की आई बाहेर. म्हणून सकाळी दारातच मुकादम अफूची गोळी हातावर ठेवायचा. आम्ही ती चाटवायचो आणि लेकरं सरकीच्या ढिगाजवळ निजवायचो. घरी सांभाळायला होतं कोण? माझा पहिला मुलगा तिथेच निजला तो उठलाच नाही. मुकादम म्हणाला, "नशीब तुनं." दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. पोटाला दुसरं काही नव्हतं.

आता ही लेक. तिचा हात तिसऱ्यांदा उचलला गेला आणि माझं डोकं फिरलं. मी तिला ओढून छातीशी घेतलं.

"बाईसाहेब, आजनी गोयी तुमना मुकादमनी दिन्ही. तुमनी सभामा पोर रडाले नको म्हनीसन."

बाईसाहेबांचं तोंड उतरलं. मग त्या म्हणाल्या, "हिला कुणीतरी पढवून पाठवलंय. बाहेर काढा."

मला दंडाला धरून बाहेर ढकललं. मागे ठराव वाचला जात होता. अडाणी मातांच्या अज्ञानाबद्दल ही सभा खेद व्यक्त करते. पुन्हा टाळ्या. मी पायरीवर बसून लेकीचे गाल चोळत होते, तळवे चोळत होते. दिवेलागणीला तिनं डोळे उघडले. मी ढसाढसा रडले, आणि रडताना मला त्या टाळ्यांची चीड येत होती.

दुसऱ्या सकाळी जिनाच्या दारात मुकादमानं गोळी पुढे केली. मी ती त्याच्या देखत गटारात फेकली. लेक भुकेनं टाहो फोडत होती.

"गप कर तिले. नही ते निघ."

मी तिथेच दारात मांडी घातली आणि तिला पदराखाली घेतलं. बाकीच्या बायका गोळी हातात धरून बघत उभ्या राहिल्या. त्याला म्हटलं, काम घे काढून. उपाशी मरेन, पण झोपवून मारायला ही लेक मी देणार नाही. उद्याही इथेच येईन, आणि ही रडेल ते शेठच्या गादीपर्यंत ऐकू जाईल.