उंच केलेली जीप

विद्याताई गाडी चालवताना एक शब्द बोलत नसत. एरवी जिन्यात भेटल्या की पायऱ्या संपल्या तरी गप्पा संपायच्या नाहीत. पण जीपमध्ये बसल्या की ओठ मिटलेले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. सरळ रस्त्यावरसुद्धा ते हात हलत असायचे, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हिला सारखं सांगावं लागतं, बाई. नाही सांगितलं की आपल्या मनाने जाते."

शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत आमची जुनी इमारत, लिफ्ट नसलेली. मी पहिल्या मजल्यावर, त्या तिसऱ्या. बँकेतून निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांचे यजमान माधवराव अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. उजवी बाजू गेली, बोलणं एखाद-दुसऱ्या शब्दावर आलं. त्याआधी सुट्टी मिळाली की ते जीप घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जायचे. आजारपणाच्या थोडंच आधी त्यांनी ती हौसेने चार बोटं उंच करून घेतली होती, मोठे टायर चढवले होते. त्या उंचीवरून घाट बघायचा मात्र राहूनच गेला. पलंग खिडकीशी ओढलेला होता. तिथून खाली उभी असलेली जीप दिसायची. सकाळी विद्याताईंनी ती सुरू करून दाखवली नाही, तर माधवराव चहाला तोंड लावत नसत.

रविवारी सकाळी त्यांना सांभाळायला एक बाई यायची. तेवढा वेळ विद्याताईंचा. त्या शिवडीला जाऊन समुद्रावरच्या नव्या पुलावरून पलीकडे जात आणि परत येत. एकदा मला घेऊन गेल्या. पुलावर वारा होता. जीप हळूच एका बाजूला सरकायची, विद्याताई ती ओढून आणायच्या, की लगेच दुसऱ्या बाजूला. शेजारून एक बस गेली तेव्हा आम्ही तिच्याकडे खेचलेच गेलो. मी दाराचं हँडल घट्ट धरून बसले. पलीकडे पोचल्यावर त्यांनी जीप कडेला घेतली आणि तळहात पदराला पुसले.

"पुलावर चढलं की थांबता येत नाही, वळता येत नाही," त्या म्हणाल्या. "घरीही तेच आहे म्हणा. पण घर निदान हलत नाही."

गॅरेजवाल्यांनी काय काय करून पाहिलं होतं. चाकांचं अलाइनमेंट झालं, हवा कमी-जास्त झाली. एकाने स्टिअरिंगचा स्क्रू इतका आवळला, की वळण घेतल्यावर ते आपोआप सरळ येईना. शेवटी विद्याताईंनी जुनी चादर अंथरली आणि स्वतःच जीपखाली शिरल्या. मला वर बसवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला लावलं. "आधी बघू, मग घाबरू," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. बराच वेळ बघून त्या बाहेर आल्या. कुठलाही सांधा सैल नव्हता.

चादर झटकता झटकता त्या थांबल्या. "अगं, पूर्वी ही सरळ जायची. उंच केल्यापासून भरकटायला लागली."

गॅरेजवाल्याला विचारलं तर तोही हो म्हणाला. उंची वाढवताना पुढच्या चाकांचा कोन बिघडला होता. तो म्हणाला, "मॅडम, उंची उतरवली तर काम पक्कं. बाकी काही केलं तर मी गॅरंटी नाही देणार."

पण विद्याताईंनी काम सांगितलं नाही. आठवडे गेले. मी एकदा छेडलं, तर म्हणाल्या, "खिडकीतून दिसेल ना त्यांना. ते काही बोलणार नाहीत, नुसते बघत राहतील. ते मला नाही सोसणार."

मग एका रविवारी पुलावर एका टेम्पोने त्यांचा आरसा उडवला. त्या घरी आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. मीच त्यांना वर सोडायला गेले. त्या थेट पलंगापाशी गेल्या. "अहो, जीप भरकटते. उंच केल्यापासून. मला भीती वाटते चालवायची."

माधवरावांनी मान भिंतीकडे वळवली. रात्री जेवले नाहीत. सकाळी विद्याताई चहा घेऊन गेल्या तेव्हा ते म्हणाले, "उतरव." आणि खूप वेळाने, "मला ने."

जीप खाली उतरली. पुढच्या रविवारी इमारतीतल्या चौघांनी माधवरावांना खुर्चीवर बसवून जिन्यातून खाली आणलं. मी मागे बसले होते. पुलावर जीप सरळ चालली होती. माधवराव विद्याताईंच्या हातांकडे बघत होते. निम्म्या वाटेत ते म्हणाले, "छान." स्टिअरिंगला म्हणाले की बायकोला, ते कळलं नाही.

परत आल्यावर चौघे खुर्ची घेऊन तयार होते. माधवरावांनी डाव्या हाताने दाराची कड धरली. "वर नको."

समजूत घालायला सगळेच पुढे झाले. विद्याताईंनी त्यांना थांबवलं. "संध्याकाळी या," म्हणाल्या. मग तीन मजले चढून वरणभात कालवून आणला आणि जीपमध्येच त्यांना भरवला. जेवण झाल्यावर ते तिथेच झोपले. विद्याताई शेजारी बसून होत्या, माश्या वारत. येणारे-जाणारे बघत होते. ऊन कलल्यावर माधवरावांनी स्वतःच दाराची कड सोडली.

त्यानंतर ते खाली आले ते शेवटचेच, तिरडीवरून; तेव्हा खुर्ची लागली नाही. भेटायला आलेली माणसं निघून गेल्यावर विद्याताई मला म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. 'मला ने', आणि त्या दुपारी 'वर नको'. आणि मी घाई केली नाही. तेवढं बरं झालं."